गेली सहा, आली पाच

माझ्या हातची एकही घडी नानांनी कधी मोडल्याशिवाय सोडली नाही. लग्न होऊन परळच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दोरीवरचे कपडे काढले, माझ्या मते नीट घड्या घालून फळीवर ठेवले आणि दळण आणायला गेले. परत येऊन बघते तर सासरे जमिनीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात माझ्या साड्यांचा ढीग, आणि एकेक साडी झटकून ते पुन्हा घडी घालताहेत. नव्या सुनेच्या साड्या सासऱ्याने अशा हातात घ्याव्यात याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मला मात्र कुठे बघावं ते कळेना. मान वर न करता ते म्हणाले, "ही घडी न्हय गो. हो बोळो."

नाना म्हणजे माझे सासरे. घरात नाना, आणि चाळीत छत्रीवाले नाना. तरुणपणी ते गिरणीच्या घडी खात्यात लागले होते, तयार कापडाच्या घड्या घालायला. लढाई सुरू झाली तेव्हा विमानदळात भरती झाले आणि तिथे कोणीतरी त्यांचा हात बघून त्यांना पॅराशूटच्या, म्हणजे हवाई छत्रीच्या, घड्या घालायला बसवलं. लढाई संपली, नाना परत आले आणि त्याच गिरणीत, त्याच खात्यात पुन्हा उभे राहिले. नाव तेवढं चिकटून राहिलं. चाळीत नवीन बिऱ्हाड आलं की पावसाळ्यात हमखास कोणीतरी मोडकी छत्री घेऊन आमच्या दाराशी येई आणि ती परत पाठवण्याचं काम माझ्याकडे असे.

सासूबाई गावी होत्या, मालवणाकडे, घर आणि माड सांभाळत. त्यामुळे दहा बाय बाराच्या त्या खोलीत नाना, माझे यजमान आणि मी, अशी तीन माणसं. मी गिरगावात वाढलेली, मॅट्रिक झालेली. आपल्याला थोडंफार कळतं असा माझा समज होता, तो नानांनी महिनाभरात उतरवला. आमच्या मजल्यावर नळाला पाणी यायचं पहाटे साडेचारला आणि सहाला जायचं. मग दुसऱ्या पहाटेपर्यंत नळ कोरडा. त्या दीड तासात मला दोन पिंपं आणि चार कळशा भरायच्या असत, आणि नेमक्या त्याच वेळी नाना खोलीच्या मधोमध उभे राहून अंथरुणांच्या घड्या घालायला घेत. कळशी घेऊन आत आलं की चादरीचं एक टोक माझ्या हातात. "धर. ताण. आता माझ्याकडे घेवन ये." मी ताणत असे आणि बाहेर नळावर माझा नंबर जात असे.

रेशमी साडी महिनोन्महिने एकाच घडीवर ठेवू नये हे त्यांचं दुसरं मत. हवाई छत्र्याही म्हणे ठरावीक मुदतीने उघडून, उंच टांगून, वारा देऊन नव्याने घडी कराव्या लागत, वापरलेल्या नसल्या तरी. "कापडाक सवय लागता," ते म्हणत. "मगे उघडूक मागणा नाय." म्हणून महिन्यातून एकदा माझी ट्रंक उघडली जाई आणि माझ्या लग्नाच्या साड्या गॅलरीभर पसरल्या जात. चाळीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. नंतर एकीचा शालू घडीवर चिरला तेव्हा बाकीच्या आपापले शालू घेऊन नानांकडे आल्या. त्या सगळ्यांना चहा कोणी करायचा, हे सांगायला नको.

पण या सगळ्यापेक्षा मला जे सहन होत नसे ते निराळंच होतं. नाना सही करत नसत. रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचणारा हा माणूस पगाराला, रेशनच्या फॉर्मला, मनीऑर्डरला सगळीकडे अंगठा उठवायचा. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीच्या कमिटीने मुंबईसह महाराष्ट्र मिळालाच पाहिजे अशा निवेदनावर सह्या गोळा करायला घेतल्या. कमिटीचे सेक्रेटरी सावंतमास्तर, शाळामास्तर माणूस, दर खोलीत जाऊन दौत-टाक पुढे ठेवायचे. आमच्याकडे आले, यांनी सही केली, मी केली. नानांनी निवेदन दोनदा वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली, आणि मग शाईत अंगठा बुडवला.

सावंतमास्तर गोरेमोरे झाले. "अहो नाना, चूक काढता आणि अंगठा उठवता? लोक म्हणतील, मास्तरांनी अडाण्यांना फसवून कागद भरला."

"अंगठो माझोच असा ना?" नाना म्हणाले. "मगे?"

माझे यजमान गोदीत कारकून. त्या दिवशी त्यांना इतकी लाज वाटली की मास्तर गेल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का? लढाईवरून आल्यापासून हे असंच आहे."

मास्तरांचा राग पुढे उतरला तो घडीनेच. मोर्चाच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून एक लांबलचक फलक खाली सोडायचा होता, आणि पोलिसांच्या डोळ्यांत तो आधी येऊ नये असा बेत होता. नानांनी तो वीस हात कापडी फलक उशीएवढा केला आणि त्याचं एक टोक बाहेर ठेवलं. मोर्चा चाळीसमोर येताच मास्तरांनी टोक ओढलं आणि सगळी अक्षरं एका झटक्यात सरळ खाली आली, एकही सुरकुती नाही. खालून शिट्ट्या आणि घोषणा. नाना मात्र फलक पुन्हा वर कधी घेताय म्हणून मास्तरांच्या मागे उभे होते, कारण तो घडी करून ठेवायचा होता.

आता विमानांकडे येते. माझा खरा वैताग तिथे आहे.

सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला परेडच्या वेळी आकाशातून लष्करी विमानं जात. दर वर्षी येतच असं नाही, आणि ऑगस्टात ढगांमुळे दिसतच असंही नाही. पण नाना सकाळी आंघोळ करून, गिरणीचा नव्हे, तर ठेवणीतला सदरा घालून गच्चीवर जायचे. सोबत तारखेच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं फाडलेलं पान आणि पेन्सिल. इतर लोक विमानं बघायला जात, पोरं ओरडत, बायका हात कपाळाशी धरून बघत, आणि दोन मिनिटांत सगळे खाली येत. नाना विमानं बघत नसत, मोजत. पानामागे लिहीत, 'गेली इतकी'. आणि मग ती परत येईपर्यंत बसून राहत.

ती परत येतच असं कुठे होतं? लोकांना दोनदा दिसावीत म्हणून कधी वळसा घालून पुन्हा डोक्यावरून जात, कधी समुद्रावरून परस्पर निघून जात. तरी नाना कान लावून, मान वाकडी करून, दूर माहीमच्या अंगाला दिसणारे ठिपके धरून कसाबसा हिशोब जुळवत. 'आली इतकी' असं लिहून झालं की खाली उतरत. आणि तोवर आमच्या घरात कोणी जेवत नसे. नाना जेवल्याशिवाय त्यांचा मुलगा पानावर बसत नसे, आणि ते दोघे जेवल्याशिवाय मी. गिरणीला सुट्टी म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम कोंबडी आणि वडे करायची. वडे गरम असताना फुगलेले असतात, नंतर ते चामड्यासारखे होतात. प्रजासत्ताक झाल्यापासून देशाचं काय भलं झालं असेल ते असो, माझे वडे दर वर्षी फुकट गेले.

सावंतमास्तर तेव्हा जिन्यात गाठून नानांना टोमणे मारत. "मुंबई द्यायला तयार नाहीत, आणि तुम्ही दिल्लीची विमानं मोजता?"

नानांनी एकदाच उत्तर दिलं होतं. "मास्तरांनू, आत माणूस बसलेलो असता."

राज्य व्हायच्या आधीच्या जानेवारीतली गोष्ट. आकाश स्वच्छ होतं. तीन-तीनच्या दोन रांगा करून सहा विमानं दक्षिणेकडे गेली, मीही गॅलरीतून पाहिली. थोड्या वेळाने आवाज आला, विमानं परत आली. मी तळण चढवलं. नाना आले नाहीत. अर्ध्या तासाने हे वर गेले आणि चेहरा पाडून आले. "पाचच आली म्हणताहेत."

"मग?"

"मग काय. सहावं आल्याशिवाय उतरणार नाहीत."

एक वाजला, दोन वाजले. हे पुन्हा वर गेले, आणि या वेळी त्यांचा आवाज खाली ऐकू आला. सहावं सांताक्रूझला उतरलं असेल, दुसऱ्या वाटेने गेलं असेल, तुम्ही मोजण्यात चुकला असाल. प्रत्येकाला नानांचं एकच उत्तर, "कोणी बघल्यान?" शेवटी हे पाय आपटत खाली आले, भिंतीकडे तोंड करून झोपले. भुकेने त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. माझंही.

तीन वाजता मी ताट वाढून वर नेलं. मनात ठरवलं होतं की आज बोलायचंच. सासरे असतील तर असतील. गच्चीवर कोणी नव्हतं. वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत नाना बसले होते, कागद मांडीवर. मी ताट ठेवलं आणि म्हटलं, "नाना, तुमच्यापायी तीन माणसं उपाशी आहेत. त्या विमानात बसलेला केव्हाच जेवून झोपला असेल."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बस गो." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे आपल्या मुलालाही सांगितलेलं नव्हतं.

छत्रीची घडी झाली की तिच्याबरोबर एक कार्ड जात असे. त्यावर दोन सह्या. एक घडी घालणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दोन सह्यांशिवाय छत्री विमानात जायची नाही. आसामकडच्या तळावर असताना एकदा तपासणारा हवालदार तापाने पडला होता. विमानं निघायची घाई होती. एक छत्री नानांच्या एकट्याच्या सहीवर गेली. त्या संध्याकाळी गेली सहा, आली पाच. जे आलं नाही त्यातच ती छत्री होती. चार दिवसांनी साहेबाने बोलावून कार्डाची नक्कल पुढे टाकली आणि विचारलं, ही सही तुझी? नाना हो म्हणाले. साहेबाने ठीक आहे म्हटलं, आणि संपलं. विमान सापडलं नाही, माणूस सापडला नाही.

"छत्री उघडली काय नाय," नाना म्हणाले, "ता माका कोणी सांगूकच नाय." मग म्हणाले, "घडी बरोबर होती. माझ्या हाताक ठावक असा. पण बघणारो दुसरो कोण नव्हतो."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. राग होताच, फक्त तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. पंधरा वर्षं हा माणूस अंगठा उठवत होता आणि आम्ही त्याला विक्षिप्त म्हणत होतो. मी ताट तिथेच ठेवून खाली आले. पाच वाजता पुन्हा गेले. ताटाला हात लागला नव्हता, रश्श्यावर साय धरली होती, एक कावळा कठड्यावर आशेने बसला होता. नानांचे ओठ कोरडे पडले होते.

आणि मग मी खोटं बोलले. आजपर्यंत तितक्या सफाईने मला पुन्हा कधी जमलेलं नाही.

"नाना, सहावं आलं की हो. सांगायचंच राहिलं."

त्यांनी मान वर केली. "कधी?"

"मघाशी, तासाभरापूर्वी. मी नळावर पाणी भरत होते, तेव्हा गॅलरीतून दिसलं. एकटंच होतं."

"खंयच्या बाजून?"

"माहीमच्या. खूप खालून गेलं, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल."

"आवाज कसो होतो?"

"बाकीच्यांचा होता तसाच. नाना, मला विमानातलं काय कळतंय? पण होतं त्यातलंच."

मग मांडीवरचं पान त्यांनी माझ्यापुढे केलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गेली ६, आली ५'. "लिही," ते म्हणाले. "आणि सही कर."

सही म्हणजे या माणसाच्या लेखी काय, हे ऐकून मला दोन तासही झाले नव्हते. तरी मी लिहिलं, 'मागाहून १ आलं', आणि खाली सही केली. नानांनी पान खिशात ठेवलं, ताट ओढलं आणि ते थंड जेवण तिथेच जेवले. खाली येऊन आणखी दोन वडे मागितले. मी जेवले तेव्हा दिवेलागण झाली होती. वडे तुटत नव्हते, आणि माझे डोळे का भरून येताहेत हे मी यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कुठल्याही अपघाताची बातमी नव्हती. यांनी ते पान नानांपुढे नाचवलं. नाना म्हणाले, "त्या दिवशीय पेपरात नव्हता." तो दिवस कुठला, ते मलाच ठाऊक होतं. पण त्यानंतर त्यांनी विमानांचा विषय काढला नाही. मला वाटलं, सुटलो. एक सही खोटी केली, पण घर सुटलं.

मे महिन्यात राज्य झालं. चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, मास्तरांनी पेढे वाटले, नानांनी तो मोर्चाचा फलक धुऊन, वाळवून शेवटची घडी घालून कमिटीच्या कपाटात ठेवला. मग त्यांनी गिरणीचा राजीनामा दिला. राजीनाम्यावर अंगठाच. पाऊस लागून बोटी बंद व्हायच्या आत त्यांना गावी जायचं होतं. यांनी तिकीट काढलं आणि आम्ही दोघं त्यांना पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेलो.

गर्दी होती, फणस, ट्रंका, कोंबड्यांच्या डालग्या. हे हमालाशी हुज्जत घालत होते. नानांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. नखाएवढी घडी, एक टोक बाहेर. मी टोक ओढलं आणि कागद एका झटक्यात उघडला. सव्वीस जानेवारीचं पान. मागे माझी सही, आणि तिच्या खाली दुसरी. अक्षर वळणदार होतं, पण फार वर्षांनी लिहिलेलं कळत होतं. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव.

"नाना, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आपल्या नळाक दुपारचा पाणी कधीपासून येता गो?"

माझं तोंड उतरलं. चार महिने हा माणूस गप्प बसला होता. मी चिडूनच विचारलं, "मग सही कशाला केलीत?"

"तू केलंस ना, माझ्यासाठी," नाना म्हणाले. "एकट्याच्या सहीर कोणाक सोडूचा नाय."

बोटीचा भोंगा झाला. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडलेला पदर उचलून, त्याची नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि ते बोटीला लावलेल्या फळीवरून पुढे गेले. हे म्हणाले, चल, भूक लागली. मी म्हटलं, जरा थांबा. बोट दिसेनाशी होईपर्यंत मी यांना उपाशी उभं ठेवलं.

त्यानंतरचे दिवस माझे मी मोजले, आणि मोजतेय म्हणून स्वतःवरच चडफडले. पाचव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. 'सुखरूप पोचलो,' एवढंच. खाली नानांची सही होती, आणि तिच्या खाली, तपासणाऱ्याच्या जागी, सासूबाईंचा अंगठा.